चौदावा बुरूज

दिवाळीनंतरच्या पहिल्या सोमवारी कंपनीने तो खेळ आमच्या फोनवर पाठवला. सोबतच्या मेलमध्ये पाच वाक्ये होती. चौथे वाक्य असे होते: या खेळाचा कामगिरीच्या मूल्यमापनाशी कोणताही संबंध नाही. हिंजवडीत येण्यापूर्वी मी सोळा वर्षे एका दैनिकाच्या डेस्कवर होतो. कोणी न विचारलेल्या गोष्टीचा इन्कार आला, की त्या इन्काराचीच बातमी करायची, हे तिथे शिकलो होतो. मी मेल बंद केला आणि खेळ उघडला.

पडद्यावर एक किल्ला होता. प्रत्येक कर्मचाऱ्याचा एक रंगीत झेंडा. नावे कुठेच नव्हती. रोज सकाळी साडेआठला सगळ्यांसमोर एकच दरवाजा येई. त्यावर अंकगणिताचे कोडे असे आणि चाळीस सेकंद मिळत. उत्तर बरोबर आले की दरवाजा उघडे, झेंडा एक पायरी चढे. चुकले की दरवाजा लाल होई.

साडेआठला आमची बिबवेवाडीची बस वारज्याच्या पुढे कुठेतरी अडकलेली असे. बसमध्ये आम्ही बारा जण. मी सॉफ्टवेअर कसे वापरावे याच्या पुस्तिका लिहीत असे. शेजारच्या सीटवरच्या बाई सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याच्या विभागात होत्या. यजमानांचे दुकान बंद पडले होते, मुलगी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होती. घर त्यांच्या एकट्याच्या पगारावर चाले. हे त्यांनी एकदाच सांगितले, तेही सुट्टीचा विषय निघाला म्हणून.

मतमोजणीच्या दिवशी टक्केवारी तोंडी काढायची सवय असल्याने माझा दरवाजा दहा-बारा सेकंदांत उघडत असे. बाईंनी ते पाहिले.

“अहो, तुम्ही पेपरात होतात ना? मग गणित कसं येतं?”

“पेपरात होतो म्हणूनच. तिथे कोणाच्याच आकड्यावर विश्वास ठेवत नाहीत.”

दुसऱ्या दिवशी मी उत्तर त्यांना हळूच सांगितले. आठवडाभरात सगळी बस ऐकू लागली. माझे नाव गुरुजी पडले.

“गुरुजी, जरा मोठ्याने. मागच्या बाकाला ऐकू येत नाही.”

“मागच्या बाकाने आजवर कधी ऐकलंय?”

मला ते आवडत होते, हे लिहायला हवे.

डिसेंबरच्या मध्यावर किल्ल्याच्या तळाचे काही झेंडे दिसेनासे झाले. आम्हाला तो खेळातला दोष वाटला. नंतर कँटीनमधले खिडकीजवळचे एक टेबल रिकामे राहू लागले. तिथे बसणारे चौघे एकाच आठवड्यात राजीनामा देऊन गेल्याचे कळले. बाईंनी झेंडे मोजून ठेवले होते. “खालून सात गेले,” त्या म्हणाल्या. त्यानंतर सव्वाआठ वाजले की हेडफोन निघत, गप्पा थांबत आणि सगळे माझ्याकडे वळून बसत. मागच्या बाकाची थट्टाही बंद झाली.

जानेवारीतल्या एका मंगळवारी बस चांदणी चौकाच्या अलीकडे उभी असताना दरवाजा आला. कोडे असे होते: तटावर सारख्या अंतरावर बुरूज आहेत. पहारेकऱ्याला पहिल्या बुरुजापासून सातव्यापर्यंत चालायला अठरा मिनिटे लागतात. पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत किती लागतील?

घाईचे उत्तर छत्तीस. सातचे चौदा झाले, म्हणून अठराची दुप्पट. तो सापळा मी ओळखला. सात बुरुजांमध्ये अंतरे सहा, म्हणजे एका अंतराला तीन मिनिटे.

“गुरुजी, लवकर. पंधरा सेकंद राहिले.”

“बेचाळीस,” मी म्हणालो.

अकरा अंगठे खाली गेले. माझा अंगठा बटणावर होता तेव्हा मला चूक दिसली. चौदा बुरुजांमध्ये अंतरे तेरा. मी तीनला चौदाने गुणले होते. सहा सेकंद उरले होते. मी बेचाळीस खोडून एकोणचाळीस टाकले. दरवाजा उघडला. मी फोन मांडीवर पालथा ठेवला. बाकीच्यांच्या दाबलेल्या उत्तरांत आता बदल होणार नव्हता, पण हे मी नंतर शोधून काढलेले कारण आहे. त्या क्षणी मी काहीच विचार केला नाही.

बसमध्ये लाल उजेड पडला होता.

“तुमचं?” बाईंनी विचारले.

“माझंही चुकलं.”

“असू दे. एखाद दिवस गुरुजींचाही.”

पुढच्या सोमवारपासून बसमधल्यांना एकेक करून सातव्या मजल्यावर बोलावणे येऊ लागले. मेलमध्ये ‘छोटीशी चर्चा’ असे शब्द असत. चर्चा झालेला माणूस शुक्रवारनंतर बसला येत नसे. तीन आठवड्यांत दहा सीट रिकाम्या झाल्या. ड्रायव्हर पूर्वीच्या सवयीने प्रत्येक थांब्यावर बस उभी करी, दार उघडी, बंद करी.

बाईंचे बोलावणे शेवटी आले. त्या संध्याकाळी परतताना बसमध्ये आम्ही दोघेच होतो. त्या माझ्या शेजारी न बसता पलीकडच्या रांगेत बसल्या. वाकडचा पूल ओलांडल्यावर बोलल्या.

“त्यांनी कागद दाखवला. अकरा बेचाळीस, सगळे चार सेकंदांच्या आत. छत्तीस असतं तर बोलावलं नसतं म्हणाले. छत्तीस कोणाचंही येतं. बेचाळीस एकाच डोक्यातून येतं.”

“कोणाच्या, विचारलं?”

“विचारलं. म्हटलं, माझ्याच.”

मी खिडकीबाहेर पाहू लागलो.

“मग त्यांनी बारावी ओळ दाखवली. एकोणचाळीस, चौतिसाव्या सेकंदाला.”

“सांगून उपयोग नव्हता. वेळ गेली होती.”

“दरवाजापुरती गेली होती. तुम्ही तेव्हाच सांगायचं होतं. आपण आधीच वर जाऊन सांगितलं असतं, की ठरवून करत होतो, सगळ्यांनी मिळून, तर अकरा जणांना एकदम काढलं नसतं. निदान इतकं सोपं गेलं नसतं. आम्हाला वाटत राहिलं, गुरुजी आपल्यातलेच आहेत.” त्यांनी बॅग मांडीवर घेतली. “चुका शोधण्याच्या विभागात मी एकोणीस वर्षं आहे. शेजारच्या सीटवरची दिसली नाही.”

त्यांचा थांबा आला. ड्रायव्हरला त्यांनी नेहमीप्रमाणे “येते हं” म्हटले.

मला बोलावणे यायला आणखी नऊ दिवस लागले. सातव्या मजल्यावर तिशीतला एक नम्र माणूस बसला होता. त्याने पाणी दिले.

“एकोणचाळीस आपलं ना?”

“हो.”

“आणि बेचाळीसही आपलंच.” हे त्याने विचारले नव्हते. “सर, बरोबर उत्तरं काढणारे पुष्कळ मिळतात. चुकीचं उत्तर कुठून येतं हे कळणारा माणूस आम्हाला हवाय. पुढची कोडी आपण तयार करा. रोजचे आकडेही आपणच बघा.”

नकार दिला तर काय, हे मी विचारले नाही. त्यानेही सांगितले नाही. त्याच्या टेबलावर माझ्या नावाची दोन पाकिटे होती. मी होकार दिल्यावर त्याने त्यातले एक उघडले आणि दुसरे खणात ठेवले.

मार्चमधले माझे पहिले कोडे टोलांचे होते. घड्याळाला सहाचे टोल द्यायला दहा सेकंद लागतात, तर बाराचे द्यायला किती? घाईने वीस येते. बरोबर उत्तर बावीस, कारण बारा टोलांमध्ये अकरा अंतरे असतात. अंतराचे दोन सेकंद नीट काढूनही शेवटी बाराने गुणणाऱ्याचे चोवीस येते. बुरुजावर झालेली माझी चूक मी तशीच उचलून घड्याळात ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकड्यांचा कागद आला. वाघोलीच्या बसमधल्या नऊ जणांचे उत्तर चोवीस होते, पाच सेकंदांच्या आत. दहाव्याचे बावीस. त्या ओळीसमोर वेळही छापलेली होती. मी ती पाहिली नाही. नऊ ओळींखाली पेन्सिलने रेघ मारली. कागद दुपारी बारापर्यंत सातव्या मजल्यावर द्यायचा असतो. मी अकराच्या आधी दिला.