बिनतिकिटाचे टोमॅटो

बसमध्ये कंडक्टर म्हणून ज्यांनी तीस वर्षं लोकांना "बसून घ्या, बसून घ्या" म्हटलं, त्यांना आता घरातले सगळे तेच म्हणत होते. डोळ्यांपुढे मधोमध धुरकट डाग आला होता. आहे ती नजर टिकवायची, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं. कपबशी फुटली की सून म्हणे, "बाबा, तुम्ही बसा." वाळत घालताना शर्ट चिखलात पडला की मुलगा म्हणे, "बाबा, बसा ना जरा." शेवटी एकच काम उरलं होतं, मागच्या अंगणातल्या भाजीच्या वाफ्यांचं. तेही गेलं तर हा माणूस खुर्चीतच संपेल, हे त्यांच्या बायकोला दिसत होतं.

ती घरी शिवणकाम करायची आणि वाफेही शिवल्यासारखेच करायची. दोन खुंट्यांना दोरा ताणायचा, त्याखाली बी टोचायचं. दोऱ्याखालचं आपलं. बाकी मागच्या हंगामात गळलेल्या टोमॅटोचं, खतातून आलेल्या भोपळ्याचं, आपोआप उगवलेलं सगळं उपरं.

"दोऱ्याखालचं ठेवा, बाकीचं उसवा," ती सांगे.

"म्हणजे बिनतिकिटाचे उतरवायचे. त्यात माझा हात कोण धरणार?"

त्या सकाळी ती गिऱ्हाइकाच्या झग्याला बाह्या जोडत होती. दहाच्या सुमारास ते आत आले. गुडघ्यांना माती, चेहरा उजळलेला.

"चल, बघून घे. एकसुद्धा सुटला नाही."

ती बाहेर गेली आणि उंबऱ्यापाशीच थबकली. कडेच्या ढिगात तिनं यंदा पेरलेली वांग्याची रोपं मुळं तुटून, मान टाकून पडली होती. वाफ्यात मात्र टोमॅटोची बिनबोलावलेली रोपं दाटीवाटीनं, थेट रांगेत उभी होती. मागच्या वर्षीच्या पांढऱ्या दोऱ्याखाली. तो काढायचा तीच विसरली होती. नवा दोरा ताणताना पांढरा संपला म्हणून तिनं हिरवा घेतला होता, आणि पानांत तो तिलाही धड दिसेना.

ओठांवर आलेलं तिनं गिळलं. "छान झालंय."

इतक्या वर्षांच्या संसारात ती एवढी गोड कधी बोलली नव्हती. त्यांना तिथंच संशय आला. ते उकिडवे बसले, एक पान चुरगळून नाकाशी नेलं.

"हा तर टोमॅटो."

त्यांनी ढिगाच्या दिशेनं मान वळवली.

"आणि मी उपटलं ते?"

"वांगी."

"म्हणजे तिकीटवालेच उतरवले मी." ते हसायला गेले, पण जमलं नाही. हात झटकत उठले. "उद्यापासून मी बसतोच. सगळे म्हणतात ते काही खोटं नाही."

"मग मीही बसते!" ती फणकारली. "जुना दोरा तसाच ठेवला कुणी? हिरव्यात हिरवा बांधला कुणी? चूक शिंपिणीची आणि शिक्षा कापडाला होय?"

"समजूत काढू नकोस माझी."

"त्याला वेळ कुणाला आहे? बाह्या तशाच पडल्यात. वांगी गेली, ती काही रडून उठायची नाहीत. पण ही गर्दी अशीच राहिली तर एकालाही धड फळ धरणार नाही. देठ चाचपून बघा. जाड ते ठेवा, किडकिडीत ते काढा. याला डोळे लागत नाहीत."

ते उभेच राहिले. "आणि जाडच उपटलं गेलं तर?"

"तर किडकिडीत टोमॅटो खाऊ. दात शाबूत आहेत आपले."

ते वाफ्याकडे वळले. मग गुडघे कुरकुरले आणि ते खाली बसले. बोटं एका देठावरून दुसऱ्यावर गेली, परत पहिल्यावर आली, थांबली. एक रोप मुळासकट अलगद वर आलं.

"दोन रोपांत अंतर किती ठेवू?"

"एक हात."

"तुझा की माझा?"

ती दारापर्यंत पोचली होती. "तुमचा," ती म्हणाली. "माझा शिलाईत अडकलाय."