आतड्याची हायड्रो टेस्ट

ऑपरेशननंतर तेविसाव्या दिवशी मी स्वतःच्या आतड्याची हायड्रो टेस्ट घेतली. मला कुणीही सांगितलं नव्हतं.

हायड्रो टेस्ट म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर माझा मूर्खपणा पुरेसा कळायचा नाही. तारापूरच्या एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत मी अठ्ठावीस वर्षं पाइप फिटर आहे. आता फोरमन म्हणवतो. पाइप मधेच सडला की आम्ही तेवढा तुकडा कापून काढतो, दोन टोकं समोरासमोर आणतो आणि वेल्डर जोड मारतो. मग त्या लाइनीत पाणी भरायचं, रोजच्या प्रेशरच्या दीडपट प्रेशर द्यायचं आणि अर्धा तास गेजकडे बघत बसायचं. काटा हलला नाही, जोडाला घाम फुटला नाही, की लाइन पास.

पालघरच्या सर्जननी माझ्या मोठ्या आतड्याचा वीतभर सडका तुकडा काढला आणि उरलेली दोन टोकं जोडली. घरी सोडताना त्यांनी कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. दुसरा कुणी असता तर त्याला भरून आलं असतं. मी विचारलं, "जोड टेस्ट केला का?"

"केलाय. गळत नाहीये," ते म्हणाले. "पण सूज उतरायला वेळ लागतो. सहा आठवडे मऊ खायचं. साल नको, बी नको, शेंगा नकोत, कंद नकोत. जोड सुटला तर पोट परत उघडावं लागेल, आणि मग पोटावर पिशवी येईल."

ती शौच गोळा करायची पिशवी कशी असते, ते शेजारच्या खाटेवरच्या माणसाकडे बघून मला कळलं होतं. बायकोने सगळं वहीत लिहून घेतलं. पिशवी हा शब्द लिहिताना तिचं पेन थांबलेलं मी पाहिलं होतं.

मग सरावलीच्या घरी पेजेचं राज्य सुरू झालं. सकाळी पेज, दुपारी मऊ भात आणि मुगाच्या डाळीचं पाणी, संध्याकाळी पुन्हा पेज. हे सगळं माझ्या पोटात फार वेळ थांबायला तयार नसे. दिवसातून सहा वेळा धावपळ. टाके काढायला रिक्षाने पालघरला निघालो, तर उमरोळीच्या अलीकडे रिक्षा थांबवून मी एका अनोळखी घराची कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाईंनी माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता मागच्या अंगणाकडे बोट दाखवलं. आयुष्यात इतकं झटपट मला कुणी ओळखलेलं नाही.

लाज तर कधीच संपली होती. "झालं का?" हा आमच्या घरातला मुख्य संवाद. बिल्डिंगचा वॉचमनसुद्धा गेटवरून विचारायचा, "अंकल, आज कितना बार?" मी बोटं दाखवायचो.

तिसऱ्या आठवड्यात धावपळ दोनवर आली आणि माझ्यातला फोरमन जागा झाला. जोड धरलाय, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

त्यातच मेव्हण्याचा फोन आला. माझी सासुरवाडी केळव्याकडे, वाडीतली माणसं. थंडी पडली की तिथे उकडहंडी लावतात. मडक्यात वालाच्या शेंगा, कोनफळ, रताळी, वांगी, त्यात ओल्या लसणीच्या पातीचं हिरवं वाटण असं ठासून भरायचं, मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं आणि वरून पालापाचोळा रचून पेटवायचा. डॉक्टरांनी नको म्हटलेलं सगळं एकाच मडक्यात, वर धुराचा वास.

"नुसतं बसायला या," मेव्हणा म्हणाला. "हवापालट हुईल. भाऊजी, पण तुमाला पेज हां!"

बायकोने माझ्यासाठी पेजेचा डबा सोबत घेतला.

दुपारी मडकं उघडलं. तो वास मी इथे लिहीत नाही, कारण अजून माझा भरवसा नाही. बायको वहिनीला मदत करायला आत गेली. मेव्हणा आणखी पानं तोडायला गेला. अंगणात मी आणि ती हंडी, दोघंच राहिलो.

आता माझं लॉजिक ऐका. पेज हे रोजचं प्रेशर. तीन आठवड्यांनी कामावर जायचं, कँटीनचं खायचं, तर त्याआधी दीडपटीने टेस्ट नको? मी केळीच्या पानावर चार शेंगा घेतल्या. कोनफळाच्या दोन फोडी. एक रताळं. मनगटावरचं घड्याळ बघितलं. अर्धा तास खुर्चीत ताठ बसलो, पोटावर हात ठेवून, गेज वाचावं तसा. काहीही झालं नाही. लाइन पास!

मग, खात्री म्हणून, आणखी एक पान घेतलं.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगायलाच हवी. टेस्ट पाण्याने का करायची? पाणी दाबलं जात नाही. जोड फुटलाच तर फार तर चूळ टाकल्यासारखं पाणी उडतं. हवेने टेस्ट केली तर हवा आत दबून बसते आणि सुटते तेव्हा पाइप तोफ होतो. हवेने टेस्ट करणाऱ्या दोघांना मी साइटवरून हाकललेलं आहे. आणि वाल पोटात गेल्यावर काय तयार करतो, हे वाडीतल्या चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं.

चार वाजता माझ्या शर्टाची बटणं ओढली जाऊ लागली. पाच वाजता पोट टिचकी मारली तर वाजेल इतकं ताणलं. बाहेर मात्र काही येईना, ना वर ना खाली. मेव्हण्याने गाडी काढली. पालघरपर्यंत मी डाव्या बाजूला, बेंबीजवळ हात फिरवत होतो. पिशवी लावतात ती तिथेच.

"काय खाल्लं?" सर्जननी विचारलं.

"थोडी भाजी."

"भाजी नाय!" राग आला की बायकोची माहेरची बोली वर येते. "उकडहंडी खाल्लीय, डॉक्टर. मी शेंगांच्या शिरा मोजल्या. अकरा शेंगा हायत."

एक्स-रे काढला. जोडापाशी सूज होती आणि माझी टेस्ट तिथे अडकून बसली होती. "दोन दिवस वाट बघू," ते म्हणाले. "गॅस पास झाला तर सुटलात. नाही झाला तर उघडावं लागेल." नाकातून नळी घातली, तोंड बंद. दर दोन तासांनी कुणीतरी पोटाला स्टेथोस्कोप लावायचं आणि काही ऐकू न आल्यासारखी मान हलवायचं. बायको उशाशी बसून वहीतलं तेच पान पुन्हा पुन्हा वाचत होती. तिला सॉरी म्हणायला तोंड उघडलं की नळी टोचायची. खरं सांगायचं तर नळी नसती तरी मी म्हणालो नसतो. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला फोरमन कुणाची माफी मागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमचा जुना वेल्डर भेटायला आला. मूळचा बिहारचा, वीस वर्षं माझ्या हाताखाली. आमच्याकडे परमिटवर सही झाल्याशिवाय कुणी स्पॅनरला हात लावायचा नाही. या माणसाला मी त्यापायी तासन् तास उन्हात बसवलेलं आहे. त्याने सगळी हकीकत बायकोकडून ऐकून घेतली. मग खाली वाकून, अगदी अदबीने विचारलं, "साहब, परमिट लिया था?"

मला हसू आलं. टाक्यांच्या जागी कळ गेली, पोट आवळलं, आणि त्याच क्षणी, चोवीस तासांनी नव्हे, अठ्ठावीस वर्षांनी उघडल्यासारखा माझा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला. लांबलचक. पलीकडच्या खाटेवरचे आजोबा उठून बसले. सिस्टर धावत आली आणि निकाल लागल्यासारखी ओरडली, "झालं! झालं!" वेल्डरने खिडकी उघडली. बायकोने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, वासामुळे. पण तिचे खांदे हलत होते, आणि ते थांबेपर्यंत वेल्डर खिडकीबाहेर बघत उभा राहिला.

तिसऱ्या दिवशी सर्जन हसत आले. "जोड शाबूत आहे. एवढं सहन केलं, म्हणजे मजबूत आहे."

रिक्षात बसल्यावर मला राहवलं नाही. "ऐकलंस ना? म्हणजे टेस्ट पास झाली म्हणायची."

बायकोने मांडीवरची औषधांची पिशवी सारखी केली.

"डॉक्टरानी केलेला जोड हाय, म्हणून टिकला," ती म्हणाली. "तुमी केलेला असता ना, तर परवा वाडीतच गळला असता."