परत न आलेली रोपे

गेल्या माघात मुरबाड तालुक्यातील आमचे घर बंद करून मी आईस शहापुरास आणले. टेम्पोत गाठोडे चढल्यावर तिने किल्ली शेजारच्या भागीकाकूंच्या हाती दिली. काकू म्हणाल्या, "तुजा पोरगा अर्ज लिवून मोठा झाला गो, पन दुसऱ्या माल्यावर तुला ठेवनार कुठं, कपाटात?" आई हसली. ते तिचे अखेरचे मोकळे हसू होते, हे गावी राहिलेल्यांस तेव्हाच विदित झाले असावे.

मी स्वतः तरुणपणीच गाव सोडले. शिक्षण नववीपर्यंत झाले असले, तरी कचेरीबाहेर बसून लोकांसाठी लिहिलेल्या माझ्या मसुद्यास आज वजन आहे. आईस नळ, पंखा, गादी, सर्व सोयी पुरविल्या. तिचे जेवण मात्र कमी होत गेले. मी घाबरलो नाही. भातलावणीत रोपांच्या जुड्या सोडताना तीच म्हणत असे, "उपटून लावलेलं आवण दोन दिस मान टाकतं, मंग उठतं." त्या भरवशावर मी वाट पाहिली. पावसाळा सरला. आई खिडकीपाशी अधिकाधिक सुकत गेली.

माझी कन्या वैशाली कॉलेजात शिकते. संध्याकाळी ती देशोदेशीच्या स्वयंसेवकांसोबत लॅपटॉपवर अंतराळात उगवलेल्या रोपांचा खुला डेटा तपासते. यात मोबदला नाही, म्हणून प्रारंभी मी हरकत नोंदविली होती. एके दिवशी ती म्हणाली, "पप्पा, त्यांना पाणी, उजेड सगळं दिलंय. तरी पेशी संकट आल्यासारख्या वागतात. खाली कुठंय, तेच मुळांना कळत नाय."

आई ऐकत होती. "मंग परत आनली का त्यांना?"

"आणली, आजी. पण वरच गोठवून. जिवंत नाय."

माझ्याने राहवले नाही. "आई, चल, तुला घरी नेऊन सोडतो."

"आता तिकडं कोन हाय रे? भागी बी पोरीकडं गेली."

किल्लीचे काय झाले, हे तिने विचारले नाही. मीही विचारले नाही.

इतरांची गाऱ्हाणी योग्य कार्यालयाकडे वळविण्यात माझी हयात गेली. आईचे हे गाऱ्हाणे स्वीकारील असे कार्यालय माझ्या माहितीत नाही. घर म्हणजे आता संध्याकाळची तेवढीच वेळ. लॅपटॉप उघडला, की आई खुर्ची जवळ ओढते आणि विचारते, "आज एकादं जितं आलं का गो?"

"बघते, आजी," वैशाली म्हणते.