सही नाही म्हणजे नाही

लॉकडाऊनमध्ये शाळेनं पगार बंद केला आणि त्याच सुमारास आईच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. मी खासगी शाळेतली मास्तरीण. बाबा इथल्याच, दुर्गजवळच्या पोलाद कारखान्यात आयुष्य घालवून गेलेले, घरात कमावणारी मी एकटी. रायपूरच्या दवाखान्यात मी क्रेडिट कार्ड पुढे केलं. आई वाचली. त्या कार्डाचा मला तेव्हा पश्चात्ताप नव्हता, आजही नाही.

काही हप्ते भरले, मग हात टेकले. मीच बँकेला फोन करून म्हटलं, "मूळ रक्कम फेडते, व्याज तेवढं थांबवा." कुणी ऐकलं नाही. मग वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. शाळेतसुद्धा. मुख्याध्यापकांनी बोलावून विचारलं, तेव्हा मी सांगितलं, "आईच्या ऑपरेशनचं कर्ज आहे. चोरी नाही केली."

तीन-चार वर्षांनी मला कुम्हारीच्या शाळेत नोकरी लागली. बसचे धक्के नकोत म्हणून स्कूटीसाठी कर्ज मागायला गेले. शोरूमच्या मुलानं कॉम्प्युटरकडे पाहून मान हलवली. "मॅडम, तुमच्या नावापुढे राइट ऑफ लागलंय, म्हणजे बँकेनं कर्ज बुडीत धरलंय. कोणीच लोन देणार नाही."

मी तडक दुर्गच्या कोर्टात एका वकीलबाईंना गाठलं. त्यांनी शांतपणे समजावलं. शेवटचा हप्ता भरल्यापासून तीन वर्षांत बँकेनं दावा लावला नाही, तर पुढे कोर्टात त्यांची डाळ सहसा शिजत नाही. कर्ज त्यानं पुसलं जात नाही, मागायला ते येऊ शकतात. क्रेडिट फाइलचं, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदीचं, वेगळं. तिथला डाग सातेक वर्षं राहतो.

"तुमची तीन वर्षं सरलीत," त्या म्हणाल्या. "आता फेडीन असं लेखी दिलंत, तर त्या कागदावर ते नव्यानं दावा लावू शकतील. सही करताना विचार करा."

थोड्याच दिवसांनी वसुलीवाला घरी आला. आईची बोली ऐकून हिंदी सोडून लगेच मराठीत शिरला. "मावशी, मी बी अमरावतीकडचाच. ताईले सांगा, एवढी एक सही करा. पैसे सवडीनं द्या. फाइल साफ होऊन जाईन."

"साफ होईल, हे बँकेच्या कागदावर लिहून आणा," मी म्हटलं.

त्यानं 'फेडीन' असं लिहिलेला कागद माझ्यापुढे सरकवला. मग आवाज चढवून म्हणाला, "नाही तर कोर्टात खेचू!"

"खेचा. मीही येते. तीन वर्षं कुठे होतात, ते तिथे सांगा."

आई घाबरली. "कावून भांडून राहिली बाई? करून टाक सही, जाईन तो बिचारा."

"आई, तुझ्या ऑपरेशनचे पैसे बुडवायचे नाहीत मला. पण माझी मान यांच्या हातात देणार नाही." मग त्याच्याकडे वळले. "फक्त मूळ रक्कम, आणि खातं पूर्ण बंद झाल्याचं पत्र. हे आणा, उद्यापासून भरते. तोवर या दारात यायचं नाही."

कागद घडी करून तो जिना उतरला. आईनं त्याच्यासाठी ठेवलेला चहा मी प्यायले. 

पत्र आलं नाही. दावाही आला नाही. वर्षभर मी घराजवळच्या पावर हाउस थांब्यावरून बसमध्ये उभी राहून कुम्हारीला गेले. भिशी लागली तेव्हा जुनी स्कूटी रोखीनं घेतली. सीट फाटकी होती, आईनं तिला खोळ शिवली.

यंदा क्रेडिट रिपोर्ट पुन्हा काढून पाहिला. डाग तसाच आहे, अजून काही काळ राहील. कर्ज देणारे मला नादार म्हणोत. आईला मागे बसवून बाजारात नेते, तेव्हा ती माझे खांदे घट्ट धरते आणि रस्ताभर मला हळू चालवायला सांगत राहते. मी काही हळू चालवत नाही.