चिलखताचे रिव्हेट

अंबरनाथला चर्चच्या आवारात पत्र्याच्या कामाचा एक वर्ग चालायचा. तो चालवणारे ब्रदर मूळचे वसईचे. अंगावर पांढरा झगा, हातात हातोडी आणि तोंडात कौतुकाचा एक शब्द नाही. आम्ही केलेला जोड ते दोन्ही हातांनी ओढून बघायचे. सुटला तर नापास, नाही सुटला तर नुसतं "हं". त्या "हं"च्या जोरावर मला मोरिवलीच्या कारखान्यात नोकरी लागली, लग्न झालं, शिरगावला फ्लॅट झाला. पण ब्रदरनी एकदा तरी "चांगलं" म्हणावं, ही खाज काही गेली नाही.

गेल्या वर्षी त्यांची बदली ठरली. निरोपाला आम्ही जुन्या विद्यार्थ्यांनी नाटक बसवलं, तेही त्यांनीच लिहिलेलं. मध्ययुगातला एक युरोपी सरदार लढायांना विटतो, मठात जातो, चिलखत उतरवून झगा घालतो आणि ब्रदर होऊन जन्मभर भांडी घासतो. आम्ही बौद्ध. आईला गोष्ट सांगितली तर म्हणाली, "म्हणजे तलवार टाकून चीवर घेतलं. एवढंच ना?"

सरदार मी, कारण माझा आवाज मशीनच्या वर जातो. मठाधिपती खुद्द ब्रदर. चिलखत मीच बनवलं होतं, कूलरच्या पत्र्याचं, जाकिटासारखं पुढून उघडणारं आणि दोरीने बांधायचं. झगा उल्हासनगरच्या सिंधी टेलरने शिवला. "साईं, फिटिंग एकदम हीरोवाली," असं तो म्हणाला होता.

नाटकाच्या संध्याकाळी दोरी सैल पडली आणि छातीवर फट दिसायला लागली. ब्रदरपुढे फट घेऊन जायचं? मी रिव्हेटची, म्हणजे पत्र्याला पत्रा कायमचा जोडणाऱ्या खिळ्यांची, गन उचलली आणि दोरीच्या भोकांतून, गळ्यापासून बेंबीपर्यंत, स्वतःलाच रिव्हेट ठोकून टाकले. काय सुबक ओळ आली होती! हे उतरवायचं कसं, हा विचार मनात आला तो थेट स्टेजवर, "हे लोखंड मी त्यागतो!" असं गरजून झाल्यावर.

ब्रदरनी चिलखत धरून ओढलं. चिलखताबरोबर मी आलो. पुन्हा ओढलं, पुन्हा मी आलो.

"सोडा ना ब्रदर, नाही म्हणतोय तो!" पब्लिकमधून कोणीतरी ओरडलं.

"कापायला ग्राइंडर आणू काय?" हा आमच्याच बॅचचा एक जण.

"अरे, झगा वरूनच घाल!" ही आई.

वरून घालायला गेलो तर हीरोवाली फिटिंग खांद्यावरच अडकली. शेवटी ब्रदरनी स्वतःचा झगा काढला आणि माझ्या अंगावर चढवला. आत ते बनियन आणि फुटबॉलच्या हाफ पँटवर होते. शिट्ट्यांनी मांडव दणाणला. त्यांचा देह दांडगा, त्यामुळे झग्यात मी चिलखतासकट मावलो.

मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. त्यांचं इथलं शेवटचं नाटक आणि मी त्यांना चारचौघांत चड्डीवर आणलं. मान खाली घालून भांडी घासायला बसलो. इथे ब्रदरचा आशीर्वादाचा संवाद होता, पण तो बाजूलाच राहिला. वाकून, झग्याचा गळा बाजूला सारून ते माझ्या छातीवरचा एकेक रिव्हेट अंगठ्याने दाबून बघत होते. माईक चालूच होता.

"हे कुणी मारले?"

"मी, ब्रदर."

"चांगले मारलेस."

नंतर ग्राइंडर आणला. मी चिलखत पाठीकडून कापायला लावलं.