सहाशे कॉलरी

माझी आत्या शर्टांच्या कारखान्यात कॉलरी शिवायची. एकवीस वर्षं एकच काम: दोन तुकडे जोडायचे, उलटवायचे, टोकं बाहेर काढायची, वरून टीप मारायची. दोन्ही टोकं सारखी हवीत, माणसाच्या कानांसारखी, असं ती म्हणायची. मजल्यावर तिच्याइतका कुणाचाच हात चालत नसे, म्हणून सगळे तिला 'एक्सप्रेस' म्हणत. घरी पोचायला मात्र रोज नऊ वाजायचे. दार उघडताना आतोबा म्हणायचे, "एक्सप्रेस आजही साडेतीन तास लेट." ती हसायची.

प्रत्येकीनं दिवसाला सहाशे कॉलरी द्यायच्या, असा कारखान्याचा नियम होता. पाच वाजता सगळ्यांनी हजेरीच्या यंत्रात कार्ड घालायचं, म्हणजे सुटल्याची नोंद व्हायची. मग परत मशीनवर बसून आकडा पुरा करायचा. त्या वेळेचा एक पैसाही मिळत नसे. कायद्यानं जादा तासांना दुप्पट दर आहे, हे शेजारच्या मशीनवरच्या बाईनं नीट विचारून घेतलं आणि बावीस जणींच्या सह्यांचा अर्ज कामगार कार्यालयात दिला. त्यात आत्याचीही सही होती.

अधिकारी चौकशीला आले, तेव्हा सुपरवायझरनं त्यांना थेट आत्यापुढे आणून उभं केलं. ही आमची सगळ्यात तरबेज बाई, हिलाच विचारा, म्हणाला. अधिकाऱ्यांनी विचारलं, आठ तासांत सहाशे होतात का?

त्या वेळी पैसे माझ्या डोक्यातच नव्हते, असं आत्यानं मला पुढे सांगितलं. एवढ्या जणींसमोर 'मला जमत नाही' हे शब्दच तोंडातून निघेनात.

"होतात की," ती म्हणाली. "हात चालायला हवा."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. मालकाच्या वकिलाला आयतंच कोलीत मिळालं. ज्या मागे थांबतात त्या स्वतःच्या संथपणामुळे, असं त्यानं लेखी कळवलं.

संध्याकाळी मशीनवरून उठताना शेजारणीनं डबा पिशवीत ठेवता ठेवता एवढंच म्हटलं, "तुझा हात चालतो गं बाई. आमचं घर चालत नाही."

त्यानंतर जेवणाच्या सुट्टीत आत्याच्या बाकावर कुणी बसेना. ती मात्र रोज पाचला, कार्ड घालण्याआधी, आपल्या कॉलरी मोजू लागली. चारशे अठरा. चारशे सहा. एकदा, पाणी प्यायलाही न उठता, चारशे चाळीस. हे आकडे तिनं घरी सांगितले, त्या दिवशी आतोबांनी थट्टा केली नाही. हे मला नको, कामगार कार्यालयात जाऊन सांग, म्हणाले.

पुढच्या सुनावणीला ती आपणहून पुढे झाली आणि तिनं आपले आकडे सांगितले. खोली लहान होती, खुर्च्या कमी. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या. वकिलानं हसतच विचारलं, आता वयामुळे बाईंचा वेग कमी झालाय का?

"वेग तोच आहे," आत्या म्हणाली. "आठ तासांत सहाशे माझ्यानं कधीच झाल्या नाहीत. आणि माझ्यानं होत नाहीत, तर कुणाच्यानंच होत नाहीत."

मग आधी खोटं का सांगितलंत, असं अधिकाऱ्यांनी विचारलं.

"लाज वाटली, साहेब."

निकाल सात महिन्यांनी लागला. दोन वर्षांच्या जादा तासांचे दुप्पट पैसे द्यायचे, आणि यापुढे मशीनवरून खरोखर उठल्यावरच कार्ड घालायचं. तोवर चौघी काम सोडून गेल्या होत्या. त्यांच्या वाट्यासाठी आत्या आणि शेजारीण कितीतरी रविवार पत्ते विचारत फिरल्या. तिघी सापडल्या.

आदेश लागू झाला त्या दिवशी पाच वाजले, तेव्हा आत्याच्या सुईखाली एक कॉलर होती. टीप एका टोकापर्यंत आली होती. उरलेलं काम जेमतेम अर्ध्या मिनिटाचं. शेजारीण तिच्याकडे बघत उभी होती. आत्यानं पायडलवरून पाय उचलला, मशीनवर कापड घातलं आणि उठली.