कुसुमताई आणि दोन मारुती

कुसुमताई गेल्याचं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं, तेव्हा मी एक्स-रे विभागात ड्यूटीवर होते. त्याला आता तीन आठवडे झाले. बोलायला मात्र आज जमतंय...

आमच्या पिंपरीतल्या हॉस्पिटलात ताई रेकॉर्ड सांभाळायच्या, मी शेजारच्याच टेबलावर. नवऱ्याच्या नोकरीमागं बीडकडून आलेल्या. तेव्हा एक्स-रेच्या मोठाल्या फिल्म दमट हवेनं एकमेकींना चिकटायच्या, ठेवायला जागाही उरली नव्हती. ताई एकेक फिल्म उजेडाच्या पेटीवर लावून तिचा फोटो काढायच्या. छातीचा अख्खा पिंजरा टपाल तिकिटाएवढा व्हायचा. ती इवलीशी फिल्म पाकिटात, पाकिटावर नाव, नंबर. डॉक्टरांनी मागितली की यंत्रावर मोठी करून दाखवायची.

एकदा त्यांच्या हातून मारुती नावाच्या दोन पेशंटच्या फिल्मची अदलाबदल झाली. नाव, आडनाव एकच, वयही जवळपास तेच. चाकणजवळच्या मारुतीला डॉक्टरांनी क्षयाचा डाग सांगितला, औषध सुरू केलं. आठ दिवसांनी नंबर ताडून पाहताना ताईंना चूक दिसली. खरा आजारी मारुती पिंपरीतच राहायचा. त्याला त्यांनी आधी बोलावून घेतलं. विभागाचे साहेब म्हणाले, "चाकणवाल्याला निरोप धाडू. मशीनचा दोष होता म्हणून सांगू."

"मशीननं नाही केलं, साहेब. मी केलं. मीच जाते."

मला सोबत घेऊन त्या चाकणच्या बसनं निघाल्या. मारुतीभाऊ पडवीत एकटेच बसले होते, ताट-तांब्या वेगळा मांडलेला. ताईंनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मारुतीभाऊंची बायको पुढं आली.

"म्हंजे ह्यांना काय न्हाई?"

"काही नाही. पाकिटाची चूक माझी."

बाईनं नवऱ्याचं ताट उचलून आत नेलं. बाहेर येऊन म्हणाली, "आठ दिस नातीला जवळ येऊ दिलं न्हाई ह्यांनी. ते कसं भरून द्याल?"

दुसऱ्या दिवसापासून ताई प्रत्येक पाकिटावर पेशंटच्या आईचं नाव लिहू लागल्या. मिशीवाले कामगार आईचं नाव सांगताना लाजायचे... ताई थांबून राहायच्या.

मागच्या महिन्यात मुलगी त्यांना रावेतहून आमच्याकडं एक्स-रेला घेऊन आली. आता सगळं कॉम्प्युटरवर. सवयीनं मी विचारलं, "ताई, आईचं नाव?"

त्यांनी सांगितलं, "गंगूबाई." इतकी वर्षं शेजारी बसून मी ते कधी विचारलंच नव्हतं. "तिचा एकही फोटो नाही गं माझ्याकडं. नाव तरी नीट लिही."

मी लिहिलं, स्क्रीन त्यांच्याकडं वळवली. चष्मा सावरत त्यांनी एकेक अक्षर वाचलं.

"हां. आता काढ फोटो."